कागद स्कॅन झाला, पण पोहोचला का?



आपल्या दानांतून रुग्णालयाचे जुने संगणक बदलले आणि रुग्णांच्या नोंदींचे सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर गेले, हे आपणांस ठाऊक आहे. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे हा बदल कधीतरी करावाच लागणार होता. मात्र बदलानंतर केस पेपर स्कॅन करण्याचे काम अडखळले. ही बातमी पोहोचताच काही मंडळ्यांकडून प्रेमाने विचारणा झाली, "नवा स्कॅनर घेऊन देऊ का?"

या प्रेमाबद्दल देवाची स्तुती असो. पण नव्या स्कॅनरची गरज नाही. असलेला चांगला चालतो. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायातल्या बाईचे एक नाणे हरवले, तेव्हा तिने दिवा लावला, घर झाडले आणि सापडेपर्यंत शोधले. स्कॅनिंग अडले की तेच करायचे असते: दिवा लावून, कोपऱ्यामागून कोपरा झाडत जायचे. हे कसे करतात ते येथे लिहीत आहे. आपल्यापैकी कोणी दवाखाना, वसतिगृह किंवा शाळेचे कार्यालय सांभाळत असतील, तर त्यांनाही ते कामी येईल.

एका रिपोर्टची किंमत

सातपुड्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या रुग्णांत सिकलसेलचे रुग्ण आपण नेहमी पाहतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले. २०४७ पर्यंतचे ध्येय ठेवले आणि ७ कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठरवले. त्यामुळे आता पुष्कळ घरांत तपासणीचा एखादा कागद असतो. तो पदराच्या गाठीत, पत्र्याच्या डब्यात, कधी चुलीवरच्या फळीवर ठेवलेला असतो. रुग्णालयात आला की आपण तो स्कॅन करून त्याच्या नोंदीत ठेवतो.

हा रिपोर्ट हरवला तर पुन्हा तपासून घेता येईल, असे वाटते. पण सिकलसेलची साधी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात दोष आहे एवढेच दाखवते. माणूस नुसता वाहक आहे की प्रत्यक्ष रुग्ण, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही तपासणी लागते. मुलाला नुकतेच रक्त चढवलेले असेल, तर दात्याचे रक्त त्याच्या रक्तात मिसळलेले असते. मग पुढचे सुमारे तीन महिने या तपासणीच्या निकालावर भरवसा ठेवता येत नाही. तेव्हा जुना रिपोर्ट हाच आधार असतो.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. वारंवार रक्त घेणाऱ्या काही रुग्णांच्या शरीरात परक्या रक्ताविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात. काही महिन्यांनी त्यांचे प्रमाण इतके कमी होते की नव्या तपासणीत ती दिसतच नाहीत. पण न जुळणारे रक्त पुन्हा दिले, तर ती झपाट्याने वाढतात आणि चढवलेले रक्त शरीरातच फुटू लागते. अशा रुग्णासाठी धोक्याची सूचना कोठे असते? कधीकाळी दुसऱ्या रुग्णालयाने दिलेल्या एका कागदावर. तो स्कॅन केला असे रजिस्टरमध्ये लिहिले असेल, पण रात्री दोन वाजता डॉक्टरांच्या पडद्यावर कोरे पान उघडले, तर त्या स्कॅनिंगचा काय उपयोग?

म्हणून या कामाकडे कारकुनी म्हणून पाहू नये.

कागदाचे पाच मुक्काम

स्कॅनरमध्ये कागद घातल्यापासून डॉक्टरांना तो दिसेपर्यंत पाच मुक्काम असतात.

१. स्कॅनर: कागदाचे चित्र घेणारे यंत्र.

२. ड्रायव्हर: संगणकाला स्कॅनरची भाषा समजावून सांगणारा छोटा प्रोग्रॅम. स्कॅनर आणि सॉफ्टवेअर यांनी आपसात कसे बोलायचे याच्या दोन रीती अधिक प्रचलित आहेत. एक ट्वेन, १९९२ पासूनची. दुसरी विंडोजची स्वतःची, डब्ल्यूआयए नावाची.

३. मधला पूल: आजची बरीच सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालतात आणि ब्राउझर थेट स्कॅनरला हात लावू शकत नाही. म्हणून प्रत्येक संगणकावर एक छोटा प्रोग्रॅम गुपचूप चालू ठेवावा लागतो. तो चित्र स्कॅनरकडून घेतो आणि ब्राउझरला देतो.

४. सर्व्हर: जेथे सगळी चित्रे साठतात तो मुख्य संगणक आणि त्यावरचा फोल्डर.

५. रुग्णाचे पान: सॉफ्टवेअरमधील ती जागा, जेथे चित्र त्याच रुग्णाच्या नावाशी जोडलेले असते.

सॉफ्टवेअर किंवा विंडोज बदलले की दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंतचे मुक्काम बदलतात. पहिल्याला कोणी हातही लावलेला नसतो. तरी सगळ्यांचे बोट आधी स्कॅनरकडे जाते, कारण समोर दिसतो तो तेवढाच.

आधी दोन चाचण्या

सॉफ्टवेअरमध्ये "चाचणी रुग्ण" अशा नावाची एक नोंद मुद्दाम करून ठेवावी. खऱ्या रुग्णाच्या नोंदीवर प्रयोग करू नयेत.

पहिली चाचणी: नोंदींचे सॉफ्टवेअर बंद करा आणि विंडोजच्या 'फॅक्स अँड स्कॅन' या साध्या प्रोग्रॅमने किंवा स्कॅनरच्या कंपनीच्या प्रोग्रॅमने एक कागद स्कॅन करा. कागद नीट उमटला, तर स्कॅनर आणि तार ठीक आहेत. नाही उमटला, तर यूएसबी तार दुसऱ्या खाचेत लावा, मधला यूएसबी हब काढून थेट संगणकाला जोडा, आणि नव्या विंडोजसाठीचा ड्रायव्हर कंपनीच्याच संकेतस्थळावरून घ्या.

दुसरी चाचणी: संगणकात आधीच असलेली एखादी छोटी पीडीएफ फाइल स्कॅनरशिवाय, हाताने चाचणी रुग्णाच्या पानावर चढवा. ती चढली आणि दुसऱ्या संगणकावर उघडली, तर चौथा-पाचवा मुक्काम बहुधा ठीक आहे. दोष दुसऱ्या-तिसऱ्यात शोधा. तीच चढली नाही, तर स्कॅनरला विसरून जा आणि सर्व्हरकडे वळा.

या दोन चाचण्यांना दहा मिनिटे लागतात आणि निम्म्याहून अधिक घर झाडून होते.

स्कॅनर चालतो, पण सॉफ्टवेअरला दिसत नाही

अपग्रेडनंतर हा दोष हमखास भेटतो. विंडोज ११ फक्त ६४ बिटचे असते. जुना ट्वेन ड्रायव्हर पुष्कळदा ३२ बिटचा असतो. ६४ बिटचे सॉफ्टवेअर ३२ बिटचा ट्वेन ड्रायव्हर स्वतःत घेऊ शकत नाही, म्हणून यादीत स्कॅनरचे नावच येत नाही. जुनी आवृत्ती ३२ बिटची होती तोवर जोडी जमत होती. नवी ६४ बिटची आली आणि जोडी मोडली. यावर तीन वाटा आहेत. कंपनीचा ६४ बिटचा ड्रायव्हर मिळत असेल तर तो घालावा. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये ट्वेनऐवजी डब्ल्यूआयए निवडून पाहावे. किंवा सॉफ्टवेअर पुरवणाऱ्यांकडे ३२ बिटच्या स्कॅनिंग भागाची मागणी करावी.

मधल्या पुलाचेही पाहावे. संगणक बदलला तेव्हा तो छोटा प्रोग्रॅम नव्या संगणकावर घातलाच नसेल, किंवा घातला असून संगणक सुरू होताना आपोआप सुरू होत नसेल. अँटिव्हायरसने किंवा फायरवॉलने त्याला अडवले असेल. ब्राउझरने "या प्रोग्रॅमला परवानगी द्यायची का?" असे विचारले आणि घाईत कोणी "नाही" दाबले असेल. खूण सोपी आहे: एकाच खोलीतल्या दोन संगणकांपैकी एकावर स्कॅनिंग होते आणि दुसऱ्यावर होत नाही. मग सर्व्हरला दोष देऊ नका, त्या एका संगणकाकडे पाहा.

स्कॅन होतो, पण साठत नाही

येथे तीन-चार कारणे आढळतात.

पहिले कारण फाइलचा आकार. ए-फोर कागद ३०० डीपीआयने स्कॅन केला की त्याचे २४८० गुणिले ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख ठिपके होतात. रंगीत असेल तर न दाबलेले चित्र सुमारे २६ एमबी भरते. डीपीआय ६०० केला की ठिपके दुप्पट नव्हे, चौपट होतात. नवा ड्रायव्हर आला की त्याच्या सेटिंग मूळ जागी जातात आणि कधी ६०० डीपीआय रंगीत होऊन बसतात. इकडे सर्व्हरही नवा असतो. एन्जिनएक्स या पुष्कळ ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या वेब सर्व्हरमध्ये एका वेळी चढवायच्या मजकुराची मूळ मर्यादा १ एमबी आहे. जुन्या सर्व्हरवर कोणीतरी ती वाढवून ठेवलेली असते. नव्यावर ते राहून जाते. मग एका पानाची चिठ्ठी चढते आणि बारा पानांचा डिस्चार्ज कागद अडतो. पडद्यावर ४१३ हा आकडा दिसला तर कारण हेच. साध्या केस पेपरसाठी ३०० डीपीआय, करड्या छटांत, पुरेसे असते. रंग लागतो तो त्वचेच्या फोटोला, रंगीत शिक्क्याला किंवा आलेखाला.

दुसरे कारण परवानगी. अपग्रेडमध्ये वापरणाऱ्यांचे अधिकार नव्याने मांडले जातात. प्रशासकाच्या नावाने साठते आणि नोंदणी खिडकीवरच्या ताईंच्या नावाने साठत नाही, असे झाले तर अधिकार तपासा. पण सोय म्हणून सगळ्यांना प्रशासकाचा पासवर्ड वाटू नका. कोणता कागद कोणी चढवला, हे नंतर कळलेच पाहिजे.

तिसरे कारण नेटवर्कवरचा फोल्डर. काही मोठी स्कॅनर यंत्रे चित्र थेट सर्व्हरच्या सामाईक फोल्डरमध्ये टाकतात. जुनी यंत्रे त्यासाठी एसएमबीची पहिली आवृत्ती वापरतात आणि नव्या विंडोजमध्ये ती मुळात बंद असते. ती पुन्हा चालू करा, असा सल्ला कोणी देईल. तो मानू नये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा घातक प्रोग्रॅम याच जुन्या वाटेने जगभर पसरला आणि ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील कितीतरी रुग्णालये त्याने ठप्प केली. यंत्राचे फर्मवेअर नवे करून पाहावे. ते मिळत नसेल तर यंत्र यूएसबीने एका संगणकाला जोडून काम करावे. गती कमी होईल, पण दार उघडे राहणार नाही.

चौथे कारण अगदी साधे आहे: सर्व्हरची डिस्क भरलेली असते. अपग्रेडच्या वेळी घेतलेल्या प्रतींनीच ती भरते. मोकळी जागा किती, हे आधी बघावे.

जुने स्कॅन उघडत नाहीत

नवे कागद चढतात, पण मागच्या वर्षीचे उघडत नाहीत, असेही होते. हे दिसले की सगळ्यांच्या पोटात गोळा येतो. बहुतेक वेळा चित्रे जागेवर असतात. त्यांचा पत्ता चुकलेला असतो.

रुग्णांच्या नोंदींच्या बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये चित्रे डेटाबेसमध्ये नसतात. ती वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि डेटाबेसमध्ये फक्त त्यांचा पत्ता असतो. छत्तीसगडमध्ये बिलासपूरजवळ गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोगाच्या रुग्णालयात प्रथम वापरात आलेले बहमनी हे मोफत सॉफ्टवेअर अनेक ग्रामीण रुग्णालये वापरतात. त्यातही चित्रांचा फोल्डर वेगळाच असतो. म्हणून बॅकअप दोन्हींचा हवा. नुसता डेटाबेस नव्या सर्व्हरवर नेला, तर पत्ते जातात आणि घरे मागे राहतात.

सर्व्हर विंडोजवरून लिनक्सवर गेला असेल तर आणखी एक गंमत होते. इंग्रजी मोठे अक्षर आणि छोटे अक्षर विंडोजला सारखेच वाटते. लिनक्सला ते दोन वेगळे फोल्डर वाटतात. शिवाय जुनी सॉफ्टवेअर अनेक पानांची टिफ फाइल करीत. क्रोम आणि फायरफॉक्स हे ब्राउझर टिफ दाखवत नाहीत, म्हणून पान कोरे दिसते. त्या फाइलींची पीडीएफ प्रत करता येते. मूळ टिफ मात्र पुसू नये.

दिसतो, पण दुसऱ्याच्या पानावर

हा दोष सर्वांत घातक, कारण येथे यंत्र तक्रार करीत नाही.

आपल्या पाड्यांवर एकच नाव आणि एकच आडनाव असलेली चार माणसे सहज भेटतात. वळवी, वसावे, पाडवी, पावरा ही आडनावे दिवसातून कितीदा तरी लिहिली जातात आणि इंग्रजीत प्रत्येकाने वेगळी लिहिलेली असतात. जन्मतारीख ठाऊक नसली की शाळेत १ जून लावलेली असते. म्हणजे नाव, गाव आणि जन्मतारीख, तिन्ही जुळूनही माणूस वेगळा असू शकतो. फरक फक्त नोंदणी क्रमांकात असतो.

अपग्रेडमध्ये नेमका हा क्रमांक दुखावला जातो. ००४५१२ चा ४५१२ होतो, कारण नव्या प्रणालीने त्याला संख्या समजून पुढची शून्ये टाकून दिली. केस पेपरवरचा जुना बारकोड मग कोणालाच ओळखत नाही, किंवा दुसऱ्याला ओळखतो. म्हणून अपग्रेडनंतर जुने वीस-पंचवीस बारकोड वाचून नाव जुळते का ते पाहावे. फीडरमध्ये एकामागोमाग अनेक रुग्णांचे कागद घालत असाल, तर दोन रुग्णांमध्ये विभाजक पान ओळखले जाते का, हेही चाचणी रुग्णांवर तपासावे. तोवर एका वेळी एकाच रुग्णाचे कागद घालावेत.

उत्तम मेंढपाळ आपल्या मेंढरांना नावाने ओळखतो, हे आपण लहानपणापासून शिकलो. नोंदणी खिडकीवर ही ओळख आपल्या हाती सोपवलेली असते. क्रमांक पाहा, नाव विचारा, आईचे किंवा वडिलांचे नाव विचारा, मगच साठवा.

दुरुस्ती होईपर्यंत

रुग्णालयात आता हे नियम भिंतीवर लावले आहेत.

रुग्णाचा स्वतःचा कागद त्याला परत देण्याआधी त्याचे चित्र दुसऱ्या संगणकावर उघडून पाहायचे. "साठवले" असा संदेश आला एवढ्यावर थांबायचे नाही.

स्कॅनिंग बंद असेल त्या दिवशी झेरॉक्स काढून, वर नोंदणी क्रमांक लिहून "स्कॅन बाकी" अशा फाइलीत ठेवायची. फाइल रिकामी होईपर्यंत ती प्रत फेकायची नाही.

सोय म्हणून रुग्णाच्या कागदाचा फोटो खासगी मोबाइलवर काढून व्हॉट्सॲपवर फिरवायचा नाही. सिकलसेलचा रिपोर्ट गावात फुटला तर एखाद्या मुलीचे लग्न मोडू शकते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही अशा माहितीची जबाबदारी संस्थेवर टाकली आहे.

स्कॅन झाले म्हणून जुने केस पेपर लगेच रद्दीत द्यायचे नाहीत. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपाव्या लागतात, आणि रुग्णाने मागितल्यास ७२ तासांत द्याव्या लागतात.

आणि दोष आला की लिहून ठेवायचे: कोणता संगणक, किती वाजता, कोणाच्या नावाने, किती पाने, आणि पडद्यावर नेमके काय उमटले. "स्कॅनर चालत नाही" एवढेच फोनवर सांगितले, तर समोरचा तंत्रज्ञही अंदाजच बांधणार. संदेशाचा फोटो घेताना रुग्णाचे नाव झाकायचे.

कागदांबद्दलही एक शब्द. पाड्यावरून आलेला कागद घडी पडलेला, ओलसर, कधी फाटलेला असतो. तो फीडरमध्ये घालू नका, काचेवर सपाट ठेवा. पिन काढा. स्कॅनवर उभी काळी रेघ येत असेल, तर फीडरजवळच्या काचेच्या अरुंद पट्टीवर धूळ आहे. मऊ कापडाने पुसा. त्या रेघेखाली हिमोग्लोबिनचा आकडा झाकला जाऊ शकतो.

आपण काय करू शकता

नव्या स्कॅनरसाठी काढून ठेवलेले दान बॅकअपच्या दोन बाह्य डिस्क आणि एक चांगला यूपीएस यांसाठी दिलेत, तर अधिक उपयोग होईल. वीज गेली की चढत असलेली फाइल अर्धवट राहते, हे आम्ही नेहमी पाहतो. बँकेत, पोस्टात किंवा सरकारी कार्यालयात आयुष्यभर कागद सांभाळलेले निवृत्त बंधुभगिनी आपल्या मंडळीत असतील, तर त्यांनी एखादा आठवडा येऊन "स्कॅन बाकी"च्या फाइली क्रमांकाशी जुळवून द्याव्यात. संगणक येत नसला तरी चालेल. नजर आणि धीर हवा. येण्यापूर्वी गोपनीयतेच्या कागदावर सही घेतली जाईल, याचे वाईट वाटून घेऊ नये.

प्रार्थनेचे विषय:

नोंदणी खिडकीवर दिवसभर बसणाऱ्या ताई-दादांना धीर आणि सावध नजर मिळावी म्हणून.

सिकलसेल आणि क्षयाच्या रुग्णांना वेळेवर योग्य उपचार मिळावेत म्हणून.

दुरुस्तीसाठी दुरून येणाऱ्या तंत्रज्ञांच्या सुखरूप प्रवासासाठी.

डोंगर उतरून येणाऱ्या प्रत्येक मातेने आणलेला कागद वाया जाऊ नये म्हणून.

प्रभू आपणांस भरपूर आशीर्वाद देवो.